मॅनिंगचा तक्ता आणि माझा बायोडेटा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकवरचा, म्हणजे टीमसाठी पास फेकणाऱ्या खेळाडूवरचा लेख वाचला. मराठी पेपरात अमेरिकन फुटबॉलला अर्धं पान, हे बघून आधी खरं तर आनंदच झाला. मी 1999 ते 2012 इंडियानापोलिसला काढलीत, पुण्यात परत आल्यापासून या खेळावर बोलायला मुलगा सोडला तर घरीदारी कोणी नाही. पण आनंद चहा संपेपर्यंतच टिकला, मग तो तक्ता दिसला.

तक्त्यातला एकही आकडा चुकलेला नाही हे आधीच सांगतो, मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. कोल्ट्सकडून, म्हणजे इंडियानापोलिसच्या टीमकडून, 208 मॅच, 399 टचडाउन (याच्या पासवर झालेले, आपल्याकडचे गोल धरा), म्हणजे मॅचला 1.92. डेन्व्हरच्या ब्रॉन्कोजकडून 58 मॅच, 140 टचडाउन, म्हणजे 2.41. जिंकलेल्या-हरलेल्या मॅच 141-67 वरून 45-12. आणि यावरून तुमच्या लेखकाचा निकाल काय, तर मॅनिंग डेन्व्हरला जाऊन बहरला. अहो, 36 वर्षांचा गडी, मानेवर एकामागून एक ऑपरेशनं, बोटांच्या टोकांना धड जाणीव नाही, म्हणून हातमोजा चढवून बॉल फेकतोय, आणि हा बहरला! बहरले असतील ते रिसीव्हर, म्हणजे याचे पास झेलणारे, बहरली असेल ती लीग. पासिंगचे आकडे त्या वर्षांत सगळ्यांचेच चढत होते, 1998 सालची मॅच आणि 2013 सालची मॅच एकाच मापाने कशी मोजायची?

एवढं लांब कशाला, एकट्या कोल्ट्समधलं बघा ना. 2003 मध्ये मॅनिंगचे 29 टचडाउन, 2004 मध्ये 49. माणूस तोच, टीम तीच, डोक्यावरचं छप्परही तेच. मधे झालं एवढंच की जानेवारीत पेट्रियट्सने कोल्ट्सच्या रिसीव्हरना धरून धरून हैराण केलं, मॅनिंगचे चार पास पळवले, आणि पुढच्या सीझनपासून लीगने रिसीव्हरला हात लावण्याचा नियम कडक राबवायला घेतला. हे तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतं? उद्या कोणी वसीम जाफरचे मुंबईचे रन आणि विदर्भाचे रन शेजारी शेजारी मांडले तर नागपूरची पिच कशी होती हे तुम्हीच पहिले विचाराल.

बरं, डेन्व्हरची ती सरासरी तरी कोणाची आहे? 2013 मध्ये 55 टचडाउन, 10 इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पळवलेले पास. 2015 मध्ये 9 टचडाउन, 17 इंटरसेप्शन. हे एकत्र घुसळून जो मॅनिंग निघतो तो कधी मैदानात उतरलेलाच नाही. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये कॅन्सस सिटीविरुद्धची मॅच मी इथे पहाटे तीनला उठून लॅपटॉपवर बघितली. त्या मॅचमध्ये त्याने ब्रेट फार्व या आधीच्या क्वार्टरबॅकचा करिअरमधल्या पासिंग यार्डांचा रेकॉर्ड मोडला, आणि त्याच मॅचमध्ये 20 पैकी 5 पास पोचले, 35 यार्ड, 4 इंटरसेप्शन, पासर रेटिंग, म्हणजे पास फेकण्याचे मार्क, चक्क 0.0, आणि कोचने बाहेर बसवलं. बायको पाणी प्यायला उठली, माझं तोंड बघून विचारते, कोणी गेलं का. आणि त्याच सीझनला सुपर बोल जिंकला! फायनलमध्ये याचे 141 यार्ड आणि टचडाउन पास शून्य, मॅच मारली डिफेन्सने, व्हॉन मिलरने. उलट दोन वर्षं आधीच्या सुपर बोलमध्ये याने 34 पास पोचवले, तोवरचा सुपर बोलचा रेकॉर्ड, आणि हरले 43-8. त्या मॅचचा पहिलाच बॉल याच्या डोक्यावरून मागे गेला, 12 सेकंदांत सेफ्टी, म्हणजे समोरच्यांना फुकटचे दोन पॉइंट, तेही हे महाशय पुढच्या लाइनमधल्या आपल्या खेळाडूंशी बोलायला निघालेले असताना. शेवटच्या मॅचचे आकडे भिकार आणि हातात कप, आदल्या खेपेचे आकडे सोन्यासारखे आणि इज्जत मातीत. हे सगळं एका रेषेवर मांडून तुमचे लेखक म्हणतात 'आकडे बोलतात'. बोलतात हो, पण कोणाबद्दल?

मला खरा राग आला तो मात्र 2011 साल गाळल्याचा. मॅनिंग त्या वर्षी एकही मॅच खेळला नाही म्हणून तक्त्यात ते सालच नाही. मी त्या वर्षी तिथेच होतो. आदल्या वर्षी 10-6 असलेली तीच टीम 2-14 वर आली. ऑफिसात सोमवारी फुटबॉलचा विषय निघेनासा झाला. मॅनिंगची किंमत काय हे सगळ्यात स्वच्छ त्या एका वर्षात दिसतं आणि तुमच्या तक्त्यात त्या वर्षाला ओळसुद्धा नाही.

एवढा का चिडलोय तेही सांगून टाकतो. परत आल्यावर मी चाकणच्या एका प्लांटला मेंटेनन्स हेड होतो, सहा वर्षं. महिन्याला ब्रेकडाउन 11 तास, हा आकडा मी मोठ्या हौसेने बायोडेटात घातला. 56 व्या वर्षी दुसऱ्या कंपनीत गेलो. तिथली हायड्रॉलिक प्रेस माझ्या लग्नाच्या आधीची, ऑइल सील मागवायची तर तीन सह्या, आणि फिटर सगळे कॉन्ट्रॅक्टवरचे, हाताखाली जरा तयार झाला की निघाला. वर्षाने अप्रेझलला एका पोराने, हो पोरच, माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान, स्क्रीनवर दोन खांब दाखवले. हिरवा खांब 11 तास, लाल खांब 38 तास. खाली माझा फोटो. माझ्याच बायोडेटातून उचललेला आकडा माझ्याच डोक्यात घातला. मी म्हटलं, अरे बाबा, मी यायच्या आधी इथे किती तास जात होते ते तरी काढ. तर म्हणे, सर, तो डेटा सिस्टिमला अव्हेलेबल नाही. आणि मी सोडल्यावर जुन्या प्लांटचं काय झालं? दिवाळीला तिथला स्टोअरवाला भेटला होता, त्याने सांगितलं. तेही कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. इन्क्रिमेंट गेलं ते गेलं, पण तो लाल खांब अजून डोळ्यासमोर आहे. काल तुमचा तक्ता उघडला तर तेच दोन खांब, तसाच हिरवा, तसाच लाल! तुमच्या आर्टिस्टला माझ्याविषयी काही माहिती असणं शक्य नाही हे मला कळतं, तरीही.

लेखकाची मेहनत दिसते, नाही म्हणत नाही. पुढच्या वेळी एवढंच करा, टीमच्या नावाशेजारी रिसीव्हरांची नावं टाका, त्या वर्षी लीगची सरासरी काय होती ते टाका, आणि जे वर्ष रिकामं आहे ते रिकामं छापा.

आणि हो, लेखावरचा तो मोठा फोटो. निळी जर्सी, 10 नंबर, न्यूयॉर्क जायंट्स. तो पेटन नाही, त्याचा धाकटा भाऊ ईलाय. पेटनचा नंबर 18, दोन्ही टीमकडे. तीन कॉलमची सरासरी काढणाऱ्यांनी एकदा पाठीवरचा आकडा बघायला हरकत नव्हती.

शब्दकोड्याबद्दल मागे दोनदा लिहिलंय, उत्तर आलं नाही. उत्तरं पुढच्या रविवारी असं छापता आणि पुढच्या रविवारी तिथे प्लॉटिंगची जाहिरात असते.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड
(नाव छापू नये, दोन्ही कंपन्यांत तुमचाच पेपर येतो.)