वाफसा नसलेलं रान

सोलापूर, रविवार

चि. मयुरी हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "इंजिनिअर्स मिळालं पप्पा," आणि गप्प झालीस. लष्करातली इंजिनिअरांची शाखा, रणगाड्यांची नव्हे. मीही "बरं झालं, जेवलीस का?" एवढं विचारून फोन आईच्या हातात दिला. मुलींना रणगाड्यांचं दार अजून उघडलेलं नाही हे तुला पहिल्यापासून माहीत होतं, तरी तुझ्या आवाजात ते आलंच. मला फोनवर सुचत नाही. गॅरेजात कंप्रेसर धडधडत असतो, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं. आज शटर अर्धं ओढून घेतलंय आणि तुझ्या कॉलेजच्या वहीची मागची कोरी पानं फाडून लिहितोय.

तुला हे खूळ नगरला लागलं. सातवीच्या सुट्टीत रणगाड्यांचं संग्रहालय बघायला नेलं होतं. टेंभुर्णी-करमाळा करत गेलो, एसटीत तू दोनदा ओकलीस. तिथं पोचल्यावर मात्र उन्हात तापलेल्या पॅटन रणगाड्याला हात लावून "चटका बसला" म्हणायचीस आणि परत लावायचीस. मी खाली वाकून चाकं मोजत होतो, एका बाजूला सहा. तू विचारलंस, "पाकिस्तानचा रणगाडा आपल्याकडं कसा?" मी म्हणालो, "चिखलात रुतला." तू हसलीस. तुला वाटलं पप्पा थट्टा करतायत.

थट्टा नव्हती गं. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या बाजूनं पाकिस्तानची चिलखती डिव्हिजन पंजाबात घुसली. बियास नदीवरचा पूल गाठायचा आणि अमृतसर मागच्या मागं तोडायचं, असा बेत. त्यांच्याकडं अमेरिकेनं दिलेले पॅटन. आपल्या डेक्कन हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीकडं शर्मन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला माल. त्या डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य. अलिबागला जन्मलेले, तेव्हा ३९ वर्षांचे. असल उत्तर नावाच्या गावाभोवती आपल्या फौजेनं घोड्याच्या नालासारखी मांडणी केली, रणगाडे उसाच्या फडात दडवले आणि रानांत पाणी सोडलं.

आता मंद्रूपची रात्र आठव. तू नऊ-दहा वर्षांची होतीस, हट्ट करून माझ्यामागं गाडीवर बसून आली होतीस. शेतकऱ्यानं आदल्या दिवशी दारं धरून पाणी दिलेलं, ओल ओसरून रानाला वाफसा आलेला नाही, आणि ट्रॅक्टरवाल्यानं घाईनं भरलेली ट्रॉली फडातून बाहेर काढायला घेतली. मागची चाकं एक्सलपर्यंत गेली. तो वेडा रेस देत होता, आणि जितका रेस देईल तितकं चाक आपलाच खड्डा खोल करत होतं. चाक फिरतंय, ट्रॅक्टर जागचा हलत नाही, काळा चिखल मात्र तुझ्या फ्रॉकवर. शेवटी ऊस उतरवला, चाकाखाली फळ्या घातल्या, दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधली, तेव्हा कुठं पहाटे निघाला. बॅटरी तू धरली होतीस.

तेच डोळ्यांपुढं आण आणि ट्रॅक्टरच्या जागी ४५ टनांचा पॅटन ठेव. भोवती ऊस, त्यात शर्मन, आणि साखळी बांधायला कुणी नाही. ८ ते १० सप्टेंबर, तीन दिवसांत त्यांचे ९७ रणगाडे गेले असं आपल्याकडं सांगतात. काही जळाले, काही जसेच्या तसे सोडून लोक निघून गेले. अब्दुल हमीदनं जीपवरच्या तोफेनं रणगाडे फोडले ते याच लढाईत, ते तुला पाठ आहे. वैद्यांना पहिलं महावीर चक्र इथलं.

पण मला सांगायचीय ती गोष्ट १९७१ ची, कारण ती तुझी आहे. वैद्य तोवर ब्रिगेडियर झाले होते, १६ वी चिलखती ब्रिगेड त्यांच्या हाताखाली. शकरगढच्या भागात बसंतर नदी. नदी म्हणजे काही भीमा नव्हे, पण तिच्या पात्रात आणि दोन्ही अंगांना पाकिस्तान्यांनी सुरुंग पेरून ठेवलेले. पायदळ रात्री पलीकडं गेलं, पाय रोवून बसलं. समोरून पाकिस्तानचे रणगाडे येणार हे दिसत होतं आणि आपले रणगाडे अलीकडं अडकलेले. मधे कोण होतं? सॅपर, म्हणजे तुझ्या इंजिनिअर्सचे जवान. अंधारात, तोफांच्या माऱ्यात, वाट साफ करत होते. ती पुरती साफ व्हायच्या आतच पूना हॉर्सचे रणगाडे तीतून घातले गेले, आणि वैद्य स्वतः त्या सुरुंगांतून पुढं गेले. तो पुढं जातोय म्हटल्यावर मागचे थांबतील कसे. दुसरं महावीर चक्र त्याबद्दल. दोनदा महावीर चक्र मिळालेली माणसं देशात फक्त ६ आहेत. दुसऱ्या दिवशी, १६ डिसेंबरला, त्याच पूना हॉर्सचा अरुण खेत्रपाल गेला, परमवीर चक्र. पुण्यात जन्मलेला पोरगा, २१ वर्षांचा. तुझ्यापेक्षा लहान. (हे वाक्य मी आईला वाचून दाखवणार नाही.)

वैद्य पुढं गेले, पण ते कशावरून चालत गेले? कुणीतरी आधी हातांनी चाचपलेल्या जमिनीवरून. संग्रहालयात रणगाडे ठेवतात, वाट कुणी ठेवत नाही. म्हणून तुझा आवाज पडला तेव्हा मला जरा रागच आला होता.

आता पुढचं लिहावं की नाही, दोन दिवस विचार करतोय.

१९८३ मध्ये वैद्य लष्करप्रमुख झाले. त्यांच्याहून ज्येष्ठ लेफ्टनंट जनरल सिन्हा होते, त्यांना डावललं म्हणून त्यांनी राजीनामा दिला. त्यावर तेव्हा बरंच बोललं गेलं. एप्रिल १९८४ मध्ये आपली माणसं सियाचेनवर चढली, ती वैद्यांच्याच काळात. आणि जूनमध्ये अमृतसर.

नीट बघ. १९६५ मध्ये जे अमृतसर तुटू नये म्हणून हा माणूस उसात रणगाडे घेऊन बसला, त्याच अमृतसरात १९ वर्षांनी त्याला फौज आत घालायला लागली. सुवर्णमंदिरात, आत शस्त्रं घेऊन बसलेल्या अतिरेक्यांना काढायला. सरकारचा हुकूम होता, जागेवर वेगळे अधिकारी होते, पण प्रमुख हे होते. आणि आत मोर्चे बांधून देणारा कोण? शाबेग सिंग, आपल्याच फौजेतला माजी मेजर जनरल, १९७१ मध्ये मुक्तिवाहिनीला शिकवलेला. त्यात यात्रेकरूही मेले. बातमी ऐकून काही शीख पलटणींतले जवान छावण्या सोडून निघाले. कुणी म्हणतं दुसरा इलाज नव्हता, कुणी म्हणतं होता. मी नटबोल्टांवर पाने फिरवणारा माणूस, मी कोण ठरवणार. पण तो हुकूम पाळताना त्यांना खेमकरणचा ऊस आठवला असेल, असं मला उगाच वाटत राहतं.

आपण सोलापूरकर, आपल्याला हे थोडं जास्त कळायला पाहिजे. मे १९३० मध्ये आपल्या गावात मार्शल लॉ होता. माझे आजोबा गिरणीत होते. फौज रस्त्यावर, गांधी टोपी घातली म्हणून माणसं आत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यावरून तू रोज क्लासला जायचीस. ती फौज गोऱ्यांची होती, ही आपली. दोन्ही एक नाहीत, मला कळतं. पण आजोबा सांगायचे, बूट वाजले की आई पोरांची तोंडं दाबायची. दारामागच्या बाईला फौज कुणाची हे बुटांच्या आवाजावरून कळत नाही. एवढंच डोक्यात असू दे.

वैद्य जानेवारी १९८६ च्या अखेरीस निवृत्त झाले आणि पुण्यात राहायला आले. मी तेव्हा पुण्यातच, आयटीआय करून एका कारखान्यात अप्रेंटिस. २० वर्षांचा होतो. १० ऑगस्ट, रविवार. वैद्य स्वतः मारुती चालवत होते, शेजारी त्यांची बायको, बाजारातून घरी निघालेले. मोटारसायकलवरून दोघं आले आणि गोळ्या घातल्या. सुवर्णमंदिरातल्या कारवाईचा सूड. बायको जखमी झाली, वाचली. खानावळीत बातमी आली तेव्हा माझ्या ताटात भात वाढलेला होता. तुला खोटं वाटेल, पण मला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर मारुती. तेव्हा ती गाडी नवीन निघालेली, आम्ही पोरं रस्त्यात थांबून बघायचो. आणि ज्याला दोनदा महावीर चक्र तो माणूस ती स्वतः चालवत, भाजीपाला घेऊन. मारणाऱ्या दोघांना पुढं १९९२ मध्ये फाशी झाली, त्याच येरवड्यात.

त्यानंतर दोन वर्षं मी पुण्यात होतो, पण त्या रस्त्यानं एकदाही गेलो नाही. तू आता ट्रेनिंगला पुण्यात दापोडीला येशील. एखाद्या रविवारी येतो, सुट्टी मिळाली तर दोघं जाऊ. नाही मिळाली तर राहू दे.

बाकी सगळं ठीक. आजीचा गुडघा तसाच. आईनं कडक भाकरीचा डबा भरून ठेवलाय, शेंगा चटणी दोन किलो केलीय, तुझ्या मैत्रिणींनाही दे, नाहीतर तिखट म्हणून सोडून देतील आणि तू एकटी संपवशील. तुझ्या परेडसाठी चेन्नईची तिकिटं निघाली. गाडी आपल्याच स्टेशनवरून, बदलायची कटकट नाही. मी कोट घालणार नाही, आईला सांगून ठेव.

एक विचारायचं होतं. परेडनंतर आई-वडिलांनी खांद्यावर तारे लावायचे म्हणतात, दोन्ही खांद्यांवर दोन-दोन. ते तारे पिनचे असतात की मागून स्क्रू असतो? स्क्रू असेल तर कुठल्या मापाचा ते कळव. माझी बोटं जाड झालीत, आणि नखांतलं ग्रीस रॉकेलनंसुद्धा निघत नाही. आधी चार वेळा करून बघतो.

तुझे,
पप्पा