गॅस डिटेक्टर खाली की वर?

महोदय,

ठाण्यात पाइप गॅस आलेल्या अनेक घरांत सिलिंडरच्या काळात ओट्याखाली लावलेला गळतीचा डिटेक्टर अजून तिथेच आहे. त्या जागी त्याचा उपयोग जवळपास शून्य.

मुद्दा घनतेचा आहे. सिलिंडरमधला प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळती झाली की हा गॅस फरशीवर पसरतो, ओट्याखाली साचतो, मोरीच्या जाळीतून खाली उतरतो. वरची खिडकी सताड उघडी असली तरी तळाचा थर सहजी हलत नाही. शिवाय हवेत जेमतेम २ टक्के झाला तरी पेट घ्यायला पुरतो. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन. त्याची घनता हवेच्या ०.५५ पट, म्हणून तो थेट छताकडे जातो आणि ५ टक्क्यांपासून पेटू शकतो.

तेव्हा सिलिंडर असेल तर डिटेक्टर फरशीपासून साधारण ३० सेंमीवर, आणि पाइप गॅस असेल तर छताखाली ३० सेंमीच्या आत, दार-खिडकीच्या वरच्या कडेहून उंच हवा. शेगडीच्या बरोबर डोक्यावर मात्र नको. फोडणीच्या तेलकट वाफेने सेन्सरची जाळी बुजते. एक्झॉस्टच्या तोंडाशीही नको, तिथे बाहेरच्या हवेने गॅस पातळ होतो.

बसवणारे सिगारेटचा लायटर न पेटवता समोर धरतात, डिटेक्टर वाजतो, घरचे खूश! लायटरमध्ये असतो ब्युटेन. सेन्सर जिवंत आहे एवढेच त्यातून कळते. मिथेनच्या किती प्रमाणाला तो वाजेल, हे नाही. खोक्यावर मिथेन किंवा पीएनजी (म्हणजे पाइप गॅस) छापलेले आहे का आणि सेन्सरची मुदत कधी संपते, ते आधी पाहावे.

सुशोभीकरणात एक्झॉस्टची जागा काचेने बंद करण्याची टूम निघाली आहे. पाइप गॅसवाल्यांनी तरी ती करू नये, हलक्या गॅसची बाहेर पडायची वाट तीच असते. वास आलाच तर आधी व्हॉल्व्ह बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. दिवा, पंखा, एक्झॉस्ट यांची बटणे चालूही करू नयेत, बंदही नाही. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. फोन घराबाहेर जाऊन करावा.

सोसायट्या डिटेक्टर घाऊक घेतात. ऑर्डरमध्ये गॅसचा प्रकार आणि बसवण्याची उंची लिहून घेतल्याशिवाय बिल चुकते करू नये.

– एक गॅस फिटर, वर्तकनगर, ठाणे