चुंबकीय लहरींच्या गादीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : आईसाठी घेतलेली गादी परत नेऊन ३८,५०० रुपये परत करण्याबाबत

महोदय,

दिवाळीनंतर कऱ्हाडच्या एका मंगल कार्यालयात तुमच्या प्रतिनिधीने या गादीचं प्रात्यक्षिक दाखवलं. चहा-बिस्किटं फुकट, खुर्च्यांवर गुडघे चोळत बसलेली मंडळी, त्यांत माझी आई. पैसे तिथेच रोख भरले. पावतीची प्रत जोडली आहे.

नुसता गुण आला नाही, एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. गुण न आलेल्या वस्तूंसाठी आमच्या माळ्यावर जागा आहे.

आईला आमवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी, सात वर्षं. हे तिने प्रतिनिधीला स्वतःहून सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, ती कॅन्सरची गोळी. रोज अर्धा तास गादीवर झोपा आणि महिन्याभरात सोडून द्या." तिने सोडली. मला सांगितलंही नाही. काही आठवड्यांत बोटांचे सांधे इतके सुजले की सकाळी चहाचा कप धरवेना. तुमच्या हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, "आतला आजार बाहेर पडतोय, एक तास झोपवा."

डॉक्टरांनी या लहरींना सरसकट थोतांड म्हटलं नाही. न जुळणाऱ्या हाडासाठी अमेरिकेत १९७९ मध्येच अशा यंत्राला मान्यता मिळाली होती. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात सांध्यांची झीज झालेल्या ६३६ रुग्णांवरचे ९ अभ्यास तपासले. १०० गुणांच्या मापावर वेदना साधारण १५ गुणांनी कमी झाली, हालचालीत मात्र म्हणावा तसा फरक नाही. पण हे सगळं झिजेचं. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उठते. तिला गोळीनेच आवरावं लागतं. तुमच्या माहितीपत्रकात मात्र दोन्ही दुखणी 'सांधेदुखी' या एकाच शब्दात उरकली आहेत.

पंधरा दिवसांत पैसे परत करावेत. शिवाय त्या दिवशी तुम्ही वहीत सगळ्यांचे फोन नंबर उतरवून घेतले होते. गादी विकायला ते वापरलेत, आता त्या प्रत्येकाला फोन करून सांगा की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी बंद करू नका. हे झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाईन.

गादी, कंट्रोलर, अडॅप्टर खोक्यात बांधून ठेवलं आहे. न्यायला दुसरा कोणी पाठवा. त्याच मुलाला आई अजूनही चहा विचारेल, मला ते बघवणार नाही.

आपली,
एक ग्राहक, कऱ्हाड