बँडसॉचा कट सरळ करायला शिकवणाऱ्या काकांचे जाहीर आभार

प्रिय काका,

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितो आहे. घरच्या वर्कशॉपमध्ये तिरक्या कटने आणखी कुणी वैतागलं असेल, तर त्यालाही याचा उपयोग होईल.

माझ्या छोट्या आडव्या बँडसॉवर (पट्ट्यासारखं गोल फिरणारं ब्लेड असलेल्या करवतीवर) जाड सळई कापायला घेतली की वरून रेघेवर सुरू झालेला कट खाली जाता जाता एका बाजूला सरकायचा. नवं ब्लेड चढवलं तरी तेच. मशीनच बदलावं असं माझ्या मनात पक्कं होत आलं होतं. तुम्ही आलात, आधी प्लग काढायला लावलात आणि स्वतः एकाही बोल्टला हात लावला नाहीत. सगळी जुळवणी माझ्याच हातून करून घेतलीत. तुमच्या हाताला जे पाच मिनिटांत जमलं असतं, त्यासाठी अख्खी दुपार माझ्याशेजारी उभे राहिलात. सर्वांत मोठे आभार त्या दुपारचे.

व्हाइसचा (सळई पकडणाऱ्या शिकंज्याचा) स्थिर जबडा आणि ब्लेड यांच्यात गुण्या (काटकोन तपासायचं साधन) धरला, तेव्हा त्याची पट्टी ब्लेडच्या सपाट अंगाला टेकवायची, हे तुम्ही दाखवलंत. दाते दोन्ही बाजूंना किंचित वळवलेले असतात. त्यांना टेकवलं तर माप फसतं. तिथला काटकोन बरोबर निघाला. मग गुण्या उभा केला आणि दोष सापडला : गाईडची, म्हणजे ब्लेडला दोन्ही बाजूंनी धरून सरळ ठेवणारी, बेअरिंग ब्लेडला पीळ देत होती. जोडीतलं एक बेअरिंग एक्सेंट्रिक (मध्यापासून बाजूला सरकलेल्या अक्षाच्या) बोल्टवर असतं आणि तो जरासा फिरवून ते ब्लेडजवळ आणता येतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. बेअरिंग ब्लेडला टेकायला हवं, पण बोटाने फिरायलाही हवं. शेवटी गाईडचे हात सळईच्या जितके जवळ येतील तितके आणले. मध्ये मोकळं ब्लेड जास्त उरलं की ते वाकायला वाव मिळतो.

कापताना पडणारा धातूचा कीस बघायची सवयही तुमचीच देणगी. रुपेरी, वळलेला कीस पडत असेल तर सगळं ठीक. भुकटी पडली तर दाब कमी, दाते नुसते घासताहेत. निळा पडला तर वेग किंवा दाब जास्त. माइल्ड स्टीलला (साध्या मऊ पोलादाला) ब्लेडचा मिनिटाला 25-30 मीटर वेग पुरतो. कापात एका वेळी निदान तीन दाते हवेत, म्हणून 3 मिलिमीटर जाडीच्या अँगलला (L आकाराच्या लोखंडी पट्टीला) इंचाला 24 दात्यांचं ब्लेड. अँगलही व्हाइसमध्ये कोपरा वर करून धरायचा, म्हणजे दात्यांना सगळीकडे सारखीच जाडी लागते.

नवं ब्लेड सुरुवातीला निम्म्या दाबावर चालवा, हे मी तंतोतंत पाळतो. नव्या दात्यांची टोकं फार धारदार असतात, पूर्ण दाबाखाली ती तुटतात. जुन्या ब्लेडच्या अर्धवट कटात नवं ब्लेड कधीच घालत नाही. ती खाच अरुंद असते आणि ब्लेड अडकून दाते जातात. सळई उलटी करून दुसऱ्या बाजूने नवा कट घेतो. काम संपलं की ब्लेडचा ताण सैल करतो आणि ब्रशने कीस झाडतो. मशीन चालू असताना हातमोजे नाहीत, डोळ्यांना चष्मा हवाच. तुम्ही हे इतक्या कळकळीने बजावलंत की आता मीही येणाऱ्या प्रत्येकाला बजावतो.

परवा 50 मिलिमीटरची सळई कापली आणि गुण्या लावला. उजेडाकडे धरूनही फट दिसली नाही.

आता ॲल्युमिनियम कापायचं आहे. त्याला वेग बराच जास्त चालतो आणि दात्यांत ते चिकटू नये म्हणून ब्लेडला मेण लावायचं, असं तुम्ही म्हणाला होतात. मेण केव्हा आणि किती लावायचं, ते सवडीने दाखवाल का?

तुमचा मनापासून आभारी,
तुमचा शेजारी