तुझी रॅकेट अजून माझ्याकडे आहे

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू रिपोर्ट वाचून दाखवलास तेव्हा तुझा आवाज मला ओळखूच येईना. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ८.१. एवढा आकडा सांगितलास आणि बराच वेळ गप्प राहिलास. मग म्हणालास, "डॉक्टर म्हणाले रोज अर्धा तास व्यायाम करा. मी मान डोलावली. पण तुला म्हणून सांगतो, माझ्याच्यानं ते व्हायचं नाही." त्यावर मी नुसतं "होईल रे सगळं नीट" म्हणून फोन ठेवला. ते बरं केलं नाही मी. तुला नीट उत्तर द्यायला हवं होतं, म्हणून हे पत्र. लांबणार आहे, सवडीनं वाच.

मला डायबेटिस जडून अकरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी व्यायाम केला तो भीतीपोटी. घड्याळ लावून चालायचं, मिनिटं मोजायची, अर्धा तास झाला की सुटल्यासारखं घरी यायचं. तीन महिन्यांत आकडा ७ वर आला. सगळ्यांनी शाबासकी दिली. भीती ओसरली आणि तिच्याबरोबर चालणंही सुटलं. पुढच्या तपासणीत ८.४. पुन्हा धसका, पुन्हा चालणं. असं तीनदा झालं. धसक्याच्या जोरावर माणूस महिना-दोन महिने रेटतो. पण आपल्याला हे जन्मभर करायचं आहे, आणि इतकी वर्षं भीती उशाशी घेऊन कुणाला जगता येतं?

मला सोडवलं ते बागेनं. घराच्या मागे थोडी जागा पडीक होती. एका ढगाळ दुपारी जेवण झाल्यावर सहज कुदळ घेऊन उतरलो. माती दगडासारखी झालेली. खणलं, ढेकळं फोडली, मुळांसकट तण उपटलं, एक वाफा कसाबसा तयार केला. चाळीस मिनिटं कुठं गेली कळलं नाही. हात धुऊन, जेवून दोन तास झाले तशी सवयीनं साखर तपासली. त्या आठवड्यात जेवणानंतरची साखर रोज १९०च्या आसपास येत होती, त्या दिवशी १३९. मला वाटलं स्ट्रिप खराब असेल. दुसरी लावली. १४२.

हे कसं होतं ते डॉक्टरांनी मला पुढच्या भेटीत समजावलं, आणि ते कळल्यापासून माझी या आजाराकडे बघण्याची नजर बदलली. रक्तातली साखर स्नायूंच्या पेशीत नेणारी वाहक प्रथिनं असतात, त्यांना ग्लूट-४ म्हणतात. एरवी ती पेशीच्या आत पडून असतात. इन्सुलिननं हाक मारली की पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढून घेतात. आपल्या प्रकारच्या, म्हणजे टाइप २ डायबेटिसमध्ये पेशींना ती हाक नीट ऐकू जात नाही. पण स्नायू आखडतो आणि सैल होतो, तेव्हा हीच प्रथिनं इन्सुलिनच्या हाकेवाचूनही वर येतात. म्हणजे कुदळ मारताना माझे दंड, पाठ, मांड्या साखर स्वतःच उचलत होत्या. काम थांबल्यावरही तो गुण लगेच जात नाही. पेशींना इन्सुलिनची हाक पुढचे एक ते तीन दिवस जास्त चांगली ऐकू येते. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

म्हणूनच सांगतात की आठवड्यात निदान १५० मिनिटं दमवणारी हालचाल हवी आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. रविवारी एकदम तीन तास घाम गाळून सोमवार ते शनिवार खुर्चीत काढले तर हिशेब जुळत नाही. इथंच माझं म्हणणं येतं. जी गोष्ट दर दोन दिवसांनी करायचीच आहे, ती करावीशी वाटली पाहिजे. मी बागेत उतरतो ते वेल आधाराला बांधायचा राहिलाय म्हणून, कालची कळी आज उमलली का ते बघायला. साखर त्या वेळी डोक्यात नसते. व्यायाम टाळायला मला शंभर कारणं सापडायची, पण झाडाला पाणी घालायचं टाळायला एक सापडत नाही.

तुला बाग लावायला मी सांगणार नाही. तुला मातीत हात घालायला कधीच आवडलं नाही. पण तुला बॅडमिंटन येतं. कॉलेजच्या त्या चार वर्षांत आपण दुहेरीत किती जणांना पाणी पाजलं आठव. हॉलमधले दिवे बंद करायला माणूस यायचा तेव्हा "शेवटचा एक गेम" म्हणून त्याच्या विनवण्या करणारा तूच होतास. तो तू आता अर्धा तास चालायचं म्हटल्यावर जीव नकोसा करून घेतोस. तू आळशी नाहीस रे, तुला दिलेलं काम तुझं नाही एवढंच.

तीन वर्षांपूर्वी मीही पुन्हा रॅकेट हातात घेतली. त्यात माझी जी चूक झाली ती तुझी होऊ नये म्हणून सविस्तर लिहितो. मी तेव्हा साखरेच्या दोन गोळ्या घेत होतो, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. ही दुसरी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. एका सकाळी गोळी घेतली, उशीर झाला म्हणून न खाताच कोर्टवर गेलो. पाऊण तास जोरदार खेळलो. घाम फुटला, पण खेळताना घाम येणारच. हात थरथरायला लागले, म्हटलं दमलो असेन. मी सर्व्ह करताना "अकरा-नऊ" म्हणालो, गुण संपल्यावर पुन्हा "अकरा-नऊ", आणि तिसऱ्यांदाही "अकरा-नऊ". तेव्हा समोरच्या जोडीदारानं जाळीखालून येऊन माझा हात धरला आणि मला बाकावर बसवलं. जीभ जड झाली होती, ओठांना मुंग्या आल्या होत्या. साखर ५८. नशिबानं पिशवीत ग्लुकोजच्या गोळ्या होत्या. चार चघळल्या, पंधरा मिनिटांनी पाहिलं तर ८४. मग पोटभर खाल्लं आणि गाडी न चालवता घरी गेलो. डॉक्टरांनी नंतर त्या गोळीचा डोस कमी केला.

७०च्या खाली साखर गेली की ती लो. अशा वेळी पंधरा ग्रॅम झटकन विरघळणारी साखर घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वर आली नसेल तर पुन्हा घ्यायची. हे मला पाठ होतं. पण खेळाच्या धुंदीत लोची लक्षणं आणि दमल्याची लक्षणं सारखीच दिसतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुला सध्या नुसती मेटफॉर्मिन आहे, तिच्या एकटीनं साखर अशी सहसा पडत नाही, त्यामुळे घाबरू नकोस. पण पुढे गोळी बदलली किंवा इन्सुलिन सुरू झालं तर खेळायला जाण्याआधी विचार. बरोबर खेळणाऱ्या एका तरी माणसाला आपल्याला डायबेटिस आहे हे सांगून ठेव. मी लपवलं होतं. जोडीदार चतुर निघाला म्हणून निभावलं. आणि इन्सुलिन घेणाऱ्यानं तर दुपारी फार दमवणूक झाली असेल तर झोपण्यापूर्वीही तपासावं, कारण साखर काही तासांनी, रात्री झोपेतही पडू शकते.

उलटंही होतं. चुरशीचा सामना झाला की माझी साखर कधी कधी वाढलेली दिसते, १६०ची १९०. पहिल्यांदा मी हिरमुसलो होतो. पण जोराच्या, ईर्ष्येच्या खेळात शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं आणि लिव्हर आपल्या साठ्यातली साखर रक्तात ओतते. तास-दोन तासांत ती उतरते. एका आकड्यावरून खेळाला बोल लावू नकोस, तीन महिन्यांनी एचबीएवनसी कर. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून त्या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब उतरतो. माझं गेली तीन वर्षं ६.६ ते ६.९च्या मध्ये आहे. खाणं सांभाळतो, गोळ्या चुकवत नाही, पण पूर्वीही या दोन्ही गोष्टी मी करतच होतो.

पायांबद्दल एक सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी मी बागेत अनवाणी उतरलो. रात्री झोपताना तळवे आरशात बघायची मला सवय आहे, तेव्हा टाचेजवळ काळा ठिपका दिसला. काटा होता, चांगला करंगळीच्या नखाएवढा आत गेलेला. आणि मला दिवसभर काही जाणवलं नव्हतं! तो क्षण मला त्या ५८पेक्षाही जास्त लागला. पायांची संवेदना कमी होत चालली होती आणि मला पत्ता नव्हता. आता बंद बुटांशिवाय मी मातीत पाऊल ठेवत नाही. तुझे जुने खेळाचे बूट फेकून दे. नवे घे, बोटांशी ऐसपैस, आणि खेळून आलास की मोजे काढून रोज तळवे बघ. लालसर डाग, फोड, काहीही असलं तरी खेळ थांबव आणि दाखव.

आणखी एक गोष्ट, यावर मी हट्ट धरणार आहे. कोर्टवर पाय ठेवण्याआधी डोळ्यांचा पडदा आणि हृदय तपासून घे. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जोराचा ताण पडून आत रक्तस्राव होऊ शकतो. आणि तुझं गेल्या वीस वर्षांचं बसून काम, त्यात वडिलांचा हृदयविकार. बॅडमिंटनमध्ये एकदम धावायचं, एकदम थांबायचं असतं. डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिले दोन आठवडे नुसतं शटल उडवायचं, गुण मोजायचे नाहीत. खेळ नसेल त्या दिवशी जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं फिर, आणि काम करताना दर अर्ध्या तासानं खुर्चीतून ऊठ. आठवड्यातून दोनदा दंड-मांड्यांना जोर पडेल असं काहीतरी कर. जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायू घेतात, आणि आपल्या वयात ते आपोआप कमी होत जातात.

तुझ्या भावाचा रिपोर्ट काठावर आलाय म्हणालास, ६.१. त्याला हे पत्र वाचायला दे. अमेरिकेत अशाच काठावरच्या ३,२३४ लोकांचा अभ्यास झाला होता, २००२ साली तो छापून आला. वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करायची, असं ज्या गटाला सांगून त्यांच्या मागे लागून करवून घेतलं, त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. त्याच्या हातात अजून वेळ आहे.

तू म्हणालास ना, "आता खेळाचे दिवस गेले." पाकिस्तानी गोलंदाज वासिम अक्रमला १९९७मध्ये डायबेटिस झाला, तोही इन्सुलिन घ्यावं लागणारा. त्यानंतर १९९९च्या विश्वचषकात त्यानं कर्णधार म्हणून संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि २००३पर्यंत तो खेळत राहिला. त्याची आणि आपली बरोबरी नाही, हे मलाही कळतं. पण तू त्याच्या चेंडूंची नक्कल करायचास, म्हणून आठवलं.

तुझी ती निळ्या मुठीची रॅकेट तू गाव सोडताना माझ्याकडे ठेवून गेला होतास. परवा फोन ठेवल्यावर मी ती माळ्यावरून काढली. तारा सैल पडल्या होत्या, मुठीचं कापड सुटलं होतं. काल नवं गटिंग करून आणलं, ग्रिप बदलली. डोळ्यांची आणि हृदयाची तपासणी कधीची मिळते ते कळव. डॉक्टरांनी होकार दिला की त्याच शनिवारी सकाळी सातला कोर्ट सांगून ठेवतो. काहीतरी खाऊन ये, ग्लुकोमीटर बरोबर आण. पूर्वीसारखंच, जाळीजवळ तू आणि मागे मी.

तुझाच,
दुहेरीतला जोडीदार