‘काकू, गोळ्या बंद करू का?’

मा. संपादक, स. न.

काल आपण अमेरिकेतल्या अफूवर्गीय औषधांच्या बळींची बातमी छापलीत, शेजारी गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो. सकाळी नऊच्या आत शेजारची सून अंक घेऊन माझ्या दारात. तिच्या सासूबाईंना कॅन्सर आहे, दुखणं थांबवायला मॉर्फिन चालू आहे, तेही अफूपासूनच बनतं. ‘काकू, आईंच्या गोळ्या बंद करू का?’

आकडे तरी नीट द्यायचे होते. २०२२ मधले सुमारे १ लाख ८ हजार मृत्यू सगळ्या अमली पदार्थांचे मिळून आहेत. अफूवर्गातले त्यात सुमारे ८२ हजार. तेही बहुतेक चोरून बनवलेल्या फेंटानिल या फार जहाल, अफूवर्गातल्याच औषधाने गेलेले. सुरुवात डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच झाली, हे मला मान्य आहे. ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गातली वेदनाशामक गोळी; ते औषध १९९६ मध्ये बाजारात आलं, व्यसनाचा धोका कमी म्हणून खपवलं गेलं, आणि कंपनीला पुढे कोर्टात गुन्हा कबूल करावा लागला. पण २०२४ मध्ये अफूवर्गातले बळी ५५ हजारांच्या आसपास उतरले, ते का नाही छापलंत?

माझ्या यजमानांना तोंडाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी दर चार तासांनी मॉर्फिन लिहून दिलं. सात रस्ता, नवी पेठ, सगळी दुकानं पालथी घातली. नाव ऐकताच दुकानदार चिठ्ठी परत करायचे. शेवटी मुलगा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेला आणि रात्री दोन पाकिटं घेऊन आला. अकरा रात्रींनंतर हे त्या रात्री झोपले. दुसऱ्या दिवशी दीर आले. ‘वहिनी, अफू आहे ती, सवय लागेल.’ अशीच एक बातमी त्यांनी वाचली होती. मी ऐकलं. गोळी अर्धी करून देऊ लागले. हे उशी दातात धरून कण्हायचे आणि मी घड्याळ बघत बसायचे. सतराव्या दिवशी गेले. सवय लागायला ते राहणार होते किती दिवस? पाकिटात सहा गोळ्या शिल्लक होत्या.

मध्य प्रदेशात मंदसौर, नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकते. रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला. तरी सोलापूरच्या माणसाने एका गोळीसाठी पुणं गाठायचं! यावर लिहा ना कधीतरी.

आणि त्याच अंकाच्या पहिल्या पानावर पानमसाल्याची अर्धं पान जाहिरात आहे. यजमानांनी तीस वर्षं मावा खाल्ला. त्या जाहिरातीकडे बघवत नाही मला.

कृपया त्याच पानावर, तेवढ्याच जागेत खुलासा छापावा: डॉक्टरांनी दिलेलं मॉर्फिन घरच्यांनी मनाने कमी किंवा बंद करू नये. शेजारच्या सुनेला मी काल तेच सांगितलं, आणि सासूबाईंची दुपारची गोळी समोर उभी राहून द्यायला लावली.

— एक निवृत्त शिक्षिका, साखर पेठ, सोलापूर