फुकेतहून पत्र: स्कूटरचं टेन्शन घेऊ नका

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. न. (आज्जी बघ, विसरले नाही.)

मी एकदम मजेत आहे. हे आधीच लिहिते कारण आत्यानं माझं स्टेटस बघून तुम्हाला फोन केला आणि आई रात्रभर झोपली नाही म्हणे. अगं तो फोटो कड्याच्या टोकावरचा वाटतो पण तसा नाहीये, समोर चांगला कंबरेएवढा कठडा आहे, फोटोत तो आला नाही इतकंच.

स्कूटर महिन्याच्या भाड्यानं घेतलीय, 125 सीसी, बिनगियरची. इथं थायलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात त्यामुळे गोंधळ होत नाही, हेल्मेट असतंच, आणि बाबा, ते इंटरनॅशनल परमिट तुम्हीच आरटीओच्या रांगेत उभं राहून काढून दिलंत ना, मग आता "स्कूटर कशाला" म्हणून मलाच विचारता? टॅक्सीच्या एका फेरीत माझं आठवड्याचं पेट्रोल येतं. पेट्रोल रस्त्याकडेच्या टपरीवर काचेच्या बाटल्यांत पण मिळतं, सरबतासारखं मांडलेलं. आणि आई, बीचवर फुल पँट का घातलीस विचारलंस, तर ऊन लागतं म्हणून. बास.

ड्युटीचं तुम्ही रोज ऐकताच. शनिवार-रविवार हॉटेलात लग्नं, त्यामुळे माझी सुट्टी मंगळवारी, मग दुपारी तीनला निघते. आधी कारोन, तिथली वाळू पायाखाली कुरकुर वाजते, खरंच, कोरडी असली की. मग काता, काता नोई, आणि तिथून चढ चढून वर गेलं की एका जागेवरून हे तिन्ही बीच एकापुढे एक दिसतात, तीन कोयत्या ठेवल्यासारखे. पुढे नाई हान. मग एक पवनचक्की आहे, तिच्याखाली उभं राहिलं की एका बाजूला नाई हान आणि दुसऱ्या बाजूला 'या नुई' नावाचं बीच, ते एवढंसं आहे, आपल्या गल्लीतली पोरं आली तर भरेल. पोहायला मी गुडघाभर पाण्याच्या पुढे जात नाही. पावसाळ्यात, म्हणजे मे ते ऑक्टोबर, समुद्र खवळतो आणि लाल झेंडे लागतात, आत्ता जानेवारीत पाणी तळ्यासारखं आहे. त्सुनामीचं विचारलंत बाबा, ती 26 डिसेंबर 2004 ला आली होती, तेव्हापासून किनाऱ्यावर निळे बोर्ड आहेत, कुठं पळायचं त्याचे बाण काढलेले. मला पाठ झालेत.

आता एक गंमत, ही मला समजायला चार महिने लागले. इथं कोणी हॉर्नच वाजवत नाही. सिग्नल हिरवा होऊन पुढचा माणूस मोबाईलमध्ये असला तरी मागचे गप्प. पण पातोंगच्या घाटात चढ संपतो तिथं एक देऊळ आहे, तिथं आलं की टेम्पोवाला, मिनीबसवाला, शाळेतून पोराला आणणारी बाई, सगळे पीप पीप पीप! पहिल्यांदा मला वाटलं मलाच शिव्या घालतायत, मी साइड दिली, तर त्याच्या मागचा पण पीप पीप. तर तो नमस्कार असतो. हात हँडलवर म्हणून हॉर्ननं नमस्कार. बोरघाटात शिंगरोबाला नाणं टाकतात ना, तसंच. आणि घाटातच नाही, इथं घरासमोर, दुकानासमोर, आमच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये पण एका खांबावर छोटंसं देऊळ असतं, तुळशीवृंदावनावर कळस बसवल्यासारखं दिसतं. त्याला सान फ्रा फूम म्हणतात, फूम म्हणजे आपली भूमी. आपण घर बांधायच्या आधीपासून त्या जागेचा जो मालक आहे त्याचं ते घर, आणि आपल्या घराची सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. त्याला हार, उदबत्ती आणि लाल फँटा. हो, फँटा! झाकण उघडून, स्ट्रॉ घालून, कारण देव बाटलीला तोंड लावून कसा पिणार. लालच का, तर कोणी म्हणतं पूर्वी देवाला रक्त वाहायचे त्याच्या जागी. पण टपरीवाल्या काकू माझ्या गुडघ्याला औषध लावता लावता म्हणाल्या की देवाला गोड आवडतं, संपलं. गुडघ्याचं काही विशेष नाही, ते राहू दे.

संध्याकाळी प्रॉमथेपला जाते, बेटाचं दक्षिणेचं टोक. नाव ऐका, प्रॉम म्हणजे ब्रह्मा, थेप म्हणजे देव. तिथं ब्रह्मदेवाचं ठाणं आहे आणि भोवती हत्तीच हत्ती, लहान-मोठे, लोकांनी नवसाचे आणून ठेवलेले. सूर्य बुडतो साडेसहाच्या आसपास, तेव्हा तुमच्याकडे पाच वाजलेले असतात, बाबांचा चहा. सगळे मोबाईल वर करून उभे असतात, मी मात्र समोर नाकासमोर गेलं तर आधी कुठं लागेल ते बघत बसते. निकोबार लागतं. म्हणजे आपलंच की!

हॉटेलात सूर्यास्ताच्या वेळच्या लग्नाच्या फेऱ्यांना जास्त पैसे पडतात. मुहूर्त भटजी काढत नाहीत, फोटोग्राफर काढतो, मी हातात तांदळाचं ताट घेऊन उभी. त्यामुळे कोल्हापूरच्या स्थळाचं तू विचारलंस तेव्हा मी हसले, ते तुला हसले नाही आई. फोटो पाहिला, बरा वाटतो. पण त्याची आई विचारते मुलगी परत कधी येणार, आणि कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरपर्यंत आहे, त्यापुढचं मलाच माहिती नाही. नाही म्हणू नका, पण हो पण म्हणू नका.

बाबांच्या मोतीबिंदूसाठी 40,000 पाठवलेत, सोमवारपर्यंत दिसतील. फेब्रुवारीत 11 लग्नं आहेत, सुट्टी मागितली होती, खरंच मागितली होती. दादाला दोन दिवस तरी थांबायला सांगा, थेंब घालायला कोणीतरी हवं. तुम्ही डोळ्यावर हिरवी पट्टी लावून बसणार आणि मी इथं सूर्यास्त बघत फिरणार, असं आत्या म्हणालीच असेल. पुढच्या महिन्यात स्कूटर नाही घेत, ते पैसे पण पाठवते.

तिळगूळ मिळाला, अर्धा ऑफिसात वाटला. शनिवारी फोन करते.

तुमची,
मनू

ता. क. आत्याला गुडघ्याचं सांगू नका. टाके नाहीत पडले.